नसलेला व्हिडिओ

मुख्याध्यापकांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग पडदा ओढला आणि खुर्चीत न बसता कपाटाला टेकून उभे राहिले. मी शाळेत भूगोल शिकवते. भूगोलाच्या शिक्षिकेला बंद दाराआड बोलवावं असं आमच्या शाळेत सहसा काही घडत नाही. फार तर पृथ्वीचा गोल हरवतो, आणि तो कुठल्या तरी वर्गात चेंडू म्हणून सापडतो.

"बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तो व्हिडिओ तुम्ही आणखी कोणाकोणाला दाखवलात?"

"कुठला व्हिडिओ, सर?"

"माझा."

ते पार पांढरे पडले होते.

"रिकाम्या सभागृहात माणूस बोलू शकतो, बाई. नियमांत त्याला कुठे नाही म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "शाळा सुटल्यावर कधीमधी मी व्यासपीठावर उभा राहून भाषण करतो. आदर्श मुख्याध्यापकाचा पुरस्कार स्वीकारताना करायचं भाषण. पुरस्कार मला मिळालेला नाही, हे मला माहीत आहे. पण समजा मिळाला आणि ऐनवेळी शब्दच सुचले नाहीत तर? शेवटी शेवटी माझा गळा दाटून येतो. तेवढंच तुम्ही टिपलंत का, की सुरुवातीपासून?"

मी इतकी हादरले की "सर, मी काही टिपलेलं नाही" हे साधं वाक्यसुद्धा मला जमेना. मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यावर मजकूर होता : 'अहो, या व्हिडिओत तुम्हीच आहात ना? मला तर बघून धक्काच बसला!' खाली एक निळी लिंक. आणि वर, पाठवणाऱ्याच्या जागी, माझं नाव आणि माझा फोटो. माझा फोटो म्हणजे ज्वालामुखीचा. स्वतःचा फोटो लावणं मला उथळपणाचं वाटतं, म्हणून मी माझ्या विषयातला लावला होता.

"मी हे पाठवलेलं नाही, सर!"

"नाव तुमचं आहे. ज्वालामुखी तुमचा आहे," सर खिन्नपणे म्हणाले. "उघडून बघायची माझी अजून हिंमत झालेली नाही."

"उघडू नका!" मी ओरडले. त्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला आणि खुर्चीत बसले.

आता खरं काय झालं होतं, ते सांगते. आदल्या संध्याकाळी माझ्या चुलत जावेकडून मला अगदी हाच मेसेज आला होता. शहाण्या माणसाने तो पुसून टाकला असता. पण 'या व्हिडिओत तुम्हीच आहात ना' असं कोणी म्हटलं की शहाणपण कुठे पळून जातं कोण जाणे. फळ्याकडे तोंड करून नकाशा दाखवताना मागून मी कशी दिसते, हे मला कधीच कळलेलं नाही. मागच्या बाकावरच्या एखाद्याने काढलं असेल काही, असं मनात आलं आणि मी ती लिंक दाबली. त्या पानाने माझ्या मेसेजच्या खात्याचा पासवर्ड मागितला. मी दिला. काही उघडलं नाही. नेट मंद असेल म्हणून मी पुन्हा दिला. चोराला तो नीट वाचता यावा याची मी अशी पुरेपूर काळजी घेतली आणि निवांत झोपले.

शिक्षकांच्या खोलीत आले तर एकदम शांतता. एकेकाने आपला फोन पालथा घातला. ज्या गणिताच्या सरांनी आजवर मला कधी खुर्ची दिली नाही, ते उठून म्हणाले, "बसा ना, बाई. इथे वारा चांगला येतो." फोनमधल्या प्रत्येक नावाला तो मेसेज गेला होता.

मी खातं उघडायला गेले. 'पासवर्ड चुकीचा आहे.' खाली विचारलं होतं, 'पासवर्ड विसरलात?' काय हा अपमान! मी काही विसरले नव्हते. मला तो तोंडपाठ होता. चोराने बदलला त्याला मी काय करणार? तरी मान खाली घालून मी 'हो, विसरले' असं कबूल केलं. मग समजलं की नवीन पासवर्डसाठी लागणारा कोड माझ्या जुन्या नंबरवर जाणार आहे. आणि तो नंबर मी केव्हाच सासूबाईंच्या फोनमध्ये घालून दिलेला.

मी घरी फोन लावला.

"आई, तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल."

"आलाय."

"पटकन वाचून दाखवा."

"नाही दाखवणार," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, मी बोलतेय!"

"आवाज तुझाच वाटतोय. पण हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करतात, असं आमच्या सुनेनेच मला सांगितलंय. कोड कोणालाही द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही, असंही ती म्हणाली होती."

सांगितलं होतं खरं. चांगली तासभर शिकवणी घेतली होती मी त्यांची. माझ्या आजवरच्या नोकरीत माझा एकही धडा कोणी इतका मनावर घेतलेला नाही आणि घेतला तो नेमका या वेळी.

"मग मला काहीतरी विचारा, आई. आपल्या दोघींनाच माहीत असेल असं."

त्यांनी विचार केला. इकडे कोडची मुदत संपत चालली होती.

"माझ्या हातचं तुला काय आवडत नाही?"

मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "असं काही नाहीच, आई. तुमच्या हातचं मला सगळंच आवडतं."

"मग तू आमची सून नव्हेस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुन्हा फोन लावला. आजूबाजूला सगळे शिक्षक कान टवकारून बसलेले. त्यांच्यासमोर, भिंतीकडे तोंड करून, मी म्हणाले, "भोपळा, आई. तुम्ही केलेला भोपळा मला अजिबात आवडत नाही."

"ठाऊक आहे मला," पलीकडून समाधानाचा आवाज आला. "ताटाच्या कडेला दडवून ठेवतेस. घे लिहून."

त्यांनी कोड सांगितला. मी तो भरला. 'या कोडची मुदत संपली आहे.' दुसरा मागवला तर उत्तर आलं, 'आपण फार वेळा प्रयत्न केला आहे. उद्या पुन्हा पाहा.' म्हणजे चोर आत आरामात बसलेला, आणि घरमालकिणीला बाहेर उभं करून यंत्र म्हणतंय, उद्या या.

संध्याकाळी घरी पोचते तोच खालच्या मजल्यावरचे काका हजर. जिन्यात 'कृपया' ने सुरू होणाऱ्या जेवढ्या पाट्या आहेत त्या सगळ्या त्यांनी लावलेल्या असल्यामुळे त्यांना सगळे सूचनाकाका म्हणतात. ते आत येऊन बसले आणि त्यांनी मला फोनच्या सुरक्षिततेवर सविस्तर मार्गदर्शन केलं. पासवर्ड लांब हवा. एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरायचा नाही. त्यात जन्मतारीख नको, मुलांची नावं नकोत, घराचं नाव नको. लक्षात राहील असा नको. विसरला जाईल असाही नको. अनोळखी लिंक उघडायची नाही. ओळखीच्या माणसाची तर मुळीच नाही.

"कळलं, काका," मी म्हणाले.

काका उठले नाहीत. पाण्याचा पेला रिकामा झाला होता तरी तो तोंडाला लावून बसले.

"तो तुमचा मेसेज," ते म्हणाले, "जिन्यातल्या कुंडीबद्दल आहे का?"

"कुठल्या कुंडीबद्दल?"

"म्हणजे व्हिडिओत कुंडी दिसतेय." त्यांनी डोळे मिटले. "मला डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाय. पण ही पूर्ण कप भरून देते. मग सकाळी फिरायला जाताना उरलेला त्या झाडाला..."

मला बसल्या जागी धक्का बसला. जिन्यातलं ते झाड वाळलं तेव्हा आमच्या इमारतीत चौकशी समिती नेमली होती. वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यावर ठपका आला होता. समितीचे अध्यक्ष सूचनाकाका होते!

"काका, अहो व्हिडिओ वगैरे काही नाहीये," मी म्हणाले.

"तुमचं मन मोठं आहे," ते गहिवरून म्हणाले आणि गेले.

त्यांची पाठ वळते न वळते तोच समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही आधी सल्लाच दिला. नुसता पासवर्ड पुरत नाही, दुसरी पायरी हवी, म्हणजे पासवर्ड कळला तरी चोराला आत शिरता येत नाही. सल्ला अगदी चांगला होता. चोरी व्हायच्या आधी मिळाला असता तर फारच चांगला झाला असता. मग त्यांनी दार पुढे लोटलं.

"गाडीत बसलेली असताना काढलाय का?" त्यांनी विचारलं. "मी रोज दवाखान्यातून आले की खाली गाडी लावून थोडा वेळ आतच बसते. काचा वर करून. टॉफ्या खाते." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "त्या चिकट असतात ना, दातांना धरून बसणाऱ्या, त्याच. माझ्या पेशंटांना कळलं तर मी तोंड कसं दाखवू?"

अजून तोंडात गोळी असावी तशा त्या जरा गालातच बोलत होत्या, असं मला वाटलं. पण तोवर मला काहीही वाटायला लागलं होतं. त्या दिवसापर्यंत ही सगळी माणसं मला सरळ, घरगुती आणि काहीशी कंटाळवाणी वाटत होती. एका खोट्या लिंकने घराघरातली कपाटं उघडली होती, आणि आतलं सगळं लोक स्वतःच्या हाताने आणून माझ्या पुढ्यात ठेवत होते. माझं खातं माझ्या ताब्यात नव्हतं, पण इतरांचं नको ते सगळं होतं.

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. ते घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, तुम्हालाही तो मेसेज आला का?"

"आला."

"उघडलात?"

"नाही."

"का?" मला आता नवऱ्याचंही काही ऐकावं लागणार, अशी तयारी मी केली होती.

"तुला मला काही दाखवायचं असलं की तू फोन माझ्या नाकाला लावतेस," ते बूट काढत म्हणाले. "लिंक कधी पाठवली आहेस?"

मला हायसं वाटलं आणि किंचित निराशाही झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सायबर तक्रारीच्या कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी संगणकाच्या पडद्याला जवळजवळ नाक टेकवून बसले होते. मी घडलेलं सांगितलं.

"म्हणजे मेसेज तुमच्या खात्यावरून गेले," ते म्हणाले. "मग तुम्ही तक्रारदार की तुमच्याविरुद्ध तक्रार आहे?"

आयुष्यात आरोपी व्हायची पहिली वेळ.

"माझं खातं चोरीला गेलंय, साहेब!"

"मग ऑनलाइन तक्रार करा. आपल्या खात्यातून लॉग-इन करायचं, की फॉर्म उघडतो."

"पण तेच खातं चोरीला गेलंय."

"मग आधी ते परत मिळवा," ते समजुतीने म्हणाले, "आणि मग ते चोरीला गेल्याची तक्रार करा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मात्र अधिकाऱ्यांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होते. "साहेब, राग मानू नका," हे म्हणाले, "पण हा चष्मा लांबचं बघायचा आहे. जवळचा घरी राहिलाय का?" साहेबांनी चष्मा काढून हातात घेतला, उलटसुलट केला आणि एकदम म्हणाले, "हिचा घालून आलो की काय!" मग ह्यांनी खिशातून वाचायचा एक चष्मा काढला. दुकानदाराच्या खिशात असायचाच. तो नाकावर चढल्याबरोबर साहेबांना समोरची सूचना वाचता आली. खातं गेलेल्यांनी हाताने लिहिलेली तक्रार द्यावी, आणि खातं परत मिळवण्यासाठी कंपनीकडे चेहऱ्याची ओळख पटवावी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. सकाळपासून लोकांना परत पाठवत होतो, असं ते पुटपुटले. मी तक्रार लिहून दिली. त्यांनी पोच दिली. मी आरोपी राहिले नव्हते.

मग घरी येऊन चेहरा. फोनसमोर बसून मान डावीकडे, मान उजवीकडे, हनुवटी वर. यंत्र माझा चेहरा खात्यावरच्या फोटोशी ताडून बघणार होतं. थोड्या वेळाने उत्तर आलं : 'हा चेहरा जुळत नाही.' कसा जुळणार? खात्यावर ज्वालामुखी होता. मी ज्वालामुखीसारखी दिसत नाही, असं एक यंत्र लेखी देतंय याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं.

शेवटी सरकारी ओळखपत्राचा फोटो पाठवा, असं आलं. तो फोटो मी आजवर नवऱ्यालाही धड बघू दिलेला नाही. त्यात मी कुठल्या तरी अपघातातून नुकतीच वाचल्यासारखी दिसते. मी तो पाठवला. यंत्राने तत्काळ ओळखलं. 'चेहरा जुळला. स्वागत आहे.' एवढ्या घाईने ओळखायची काय गरज होती, हे दुःख मी कोणाला सांगू?

आत गेले तर 'आपलं खातं सध्या या ठिकाणी उघडलेलं आहे' म्हणून यादी दिसली. एक आमचं घर. दुसरं एक गाव, नकाशावर मी शेकडो वेळा छडी टेकवून दाखवलेलं, समुद्रापलीकडचं. मला तिथली पिकं माहीत होती, पाऊस माहीत होता. तिथला एक माणूस मला इतका जवळून ओळखत असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मी त्याला बाहेर काढायचं बटण दाबलं. लांबलचक नवीन पासवर्ड केला, दुसरी पायरी लावली, जुना नंबर काढून स्वतःचा घातला. आणि मग सगळ्यांना एक मेसेज पाठवला : 'माझं खातं चोरांनी ताब्यात घेतलं होतं. तो व्हिडिओ खोटा होता. कोणाचाही, कसलाही व्हिडिओ नाही. लिंक उघडली असेल तर आपला पासवर्ड लगेच बदला.'

मला वाटलं, लोक सुटकेचा श्वास टाकतील. आभार मानतील. कसलं काय! लोक माझ्यावर संतापले. सूचनाकाका जिन्यात भेटले ते भिंतीला चिकटून वर गेले. डॉक्टरीणबाईंनी मला दात साफ करायची दिलेली वेळ रद्द केली. मुख्याध्यापकांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा दार, खिडकी, पडदा.

"व्हिडिओ नव्हता?"

"नव्हता, सर."

"मग परवा या खोलीत मी तुम्हाला जे सांगितलं..."

"काय सांगितलं होतं, सर? मला काही आठवत नाही."

"मिळालाच समजा पुरस्कार," ते म्हणाले, "तर तुमचं नाव भाषणात घेईन." त्यांनी तिथल्या तिथे ते सुरूही केलं असतं, पण घंटा झाली.

त्या दुपारी घरी आले तर सासूबाई फोन हातात धरून खिडकीशी बसलेल्या.

"अगं, मग त्यात खरंच कोणी नव्हतं?"

"नाही, आई. सगळा फसवाफसवीचा प्रकार."

"मी रोज दाबून बघत होते. उघडतच नव्हता."

मी किंचाळले. "पासवर्ड दिलात?"

"मला कुठला येतोय पासवर्ड? मागितला की बंद करायचे." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "मला वाटलं, उडीचा असेल."

"कसली उडी?"

"गुरुवारची."

गुरुवारी सासूबाई गुडघ्यांच्या उपचाराला जातात. रिक्षाने जातात, रिक्षाने येतात, आल्यावर भरपूर जेवतात आणि गाढ झोपतात. उपचार लागू पडतोय, असं आम्ही कौतुकाने म्हणत असू.

"गुडघे तर कधीच बरे झाले," त्या म्हणाल्या. "ती व्यायामवाली म्हणाली, पोहलात तर पुन्हा दुखणार नाहीत. म्हणून दवाखान्यासमोरच्या तलावावर जायला लागले. पोहायला आलं. मग तिथली ती उडी मारायची फळी दर वेळी दिसायची. आधी खालच्या फळीवरून मारली. आता वरच्या."

गेल्या दोन दिवसांत मी पुष्कळ काही ऐकलं होतं. पण माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही स्टुलावर चढू देत नाही, डबासुद्धा वरून काढू देत नाही, त्या!

"आई, आम्हाला सांगायचं तरी!"

"तुम्ही बंद केलं असतं."

केलंच असतं. त्याच संध्याकाळी.

"तिथे माझ्या वयाचं कोणी नाही," त्या म्हणाल्या. "फोटो काढा म्हणून कोणाला सांगायचं? वरून खाली येताना मी कशी दिसते, ते मला काही केल्या कळत नाही. तुझा मेसेज आला, तुला धक्का बसला असं लिहिलेलं. म्हटलं, कोणीतरी काढलेला दिसतोय." त्या जरा हसल्या. "नव्हता, तर नव्हता."

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मुख्याध्यापकांनी कारणही न विचारता दिली.

तलावावर क्लोरीनचा वास भरलेला. पोहण्याचा काळा पोशाख आणि निळी टोपी घातलेल्या सासूबाई मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. त्या शिडी चढायला लागल्या. एक हात कठड्यावर, एक पाऊल, मग दुसरं, मध्येच थांबून खाली मला म्हणाल्या, "आडवा धर फोन!" मी धरला. पडद्यावर तलावच हलत होता. त्या फळीच्या टोकाला गेल्या. खालची पोरंटोरं बाजूला झाली. "आई, नको!" असं माझ्या तोंडून निघालं, ते व्हिडिओत ऐकू येतं. त्यांनी हात वर केले, टाचा उचलल्या आणि त्या फळीवर नव्हत्या.

पाण्याचा फटकारा माझ्या साडीपर्यंत आला. मग पाणी मिटलं आणि किती तरी वेळ निळी टोपी दिसेचना. मी फोन तसाच धरून काठाशी धावले. टोपी वर आली, तीही भलतीकडूनच, पलीकडच्या काठाजवळ. त्या शांतपणे हात मारत माझ्याकडे आल्या.

"आला?"

"आला, आई."

त्या काठावर चढून बसल्या. ह्यांनी मुद्दाम आणून दिलेला चष्मा मी त्यांच्या ओल्या नाकावर ठेवला. त्यांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. फोनवर टपटप पाणी गळत होतं. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी मध्येच बोटाने चित्र थांबवलं, डोळ्यांजवळ नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पाय वाकतात माझे," त्या म्हणाल्या. "तरीच ती पोरं हसतात." चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला, टोपी कानांवर नीट ओढली आणि शिडीकडे वळल्या. "काढ पुन्हा. आणि या वेळी ओरडू नकोस."